सेकंदाला तीस चित्रं

कारखान्यात तिला सगळे परवानाबाई म्हणत. एकवीस वर्षं ती एकच काम करत होती. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला सरकारी परवाना लागतो की नाही, हे ठरवायचं. लागत असेल तर अर्ज भरायचा, माल शेवटी ज्याच्या हातात पडणार त्याच्याकडून सहीशिक्क्याचं हमीपत्र मागवायचं आणि उत्तराची वाट बघायची. लागत नसेल तर कागदावर तसा शिक्का मारून खाली सही करायची. तिच्या सहीशिवाय साधा स्क्रूसुद्धा फाटकाबाहेर पडत नाही, असं पॅकिंगमधली माणसं म्हणत. सुट्टीवर निघालेला कुणी ना कुणी तिच्या टेबलापाशी थांबून, मला परवाना लागेल का हो, असं हटकून विचारी. परत येणार असाल तर नाही, असं ती मान वर न करता सांगे.

कारखाना उष्णता दाखवणारे कॅमेरे बनवत असे. भिंतीत मुरलेलं पाणी, तापलेली विजेची तार, धुरात बेशुद्ध पडलेला माणूस, असं जे डोळ्यांना दिसत नाही ते या कॅमेऱ्यात पिवळं-तांबडं होऊन दिसतं. पण झुडपामागे दबा धरून बसलेला माणूसही त्यात तसाच दिसतो, म्हणून सरकारची त्यावर नजर. नियम वाचायला बोजड होता, अर्थ मात्र सोपा होता. सेकंदाला नऊ किंवा त्याहून कमी चित्रं दाखवणारा कॅमेरा संथ. त्याने भिंत तपासता येते, पळती गोष्ट धड टिपता येत नाही. तो बहुतेक देशांत परवान्याशिवाय पाठवता येई. तीस चित्रं दाखवणारा कॅमेरा वेगवान. तो पळत्या माणसाचा माग सोडत नाही, गाडीवर किंवा उडत्या यंत्रावर बसवला तरी चालतो. त्याला परवाना, हमीपत्र आणि तीन-चार महिन्यांची वाट बघणं, सगळंच आलं.

कारखाना दोन्ही विकत असे. खरं तर दोन्हींच्या पोटात यंत्र एकच होतं. दोन वेगळी यंत्रं बनवणं परवडत नव्हतं, म्हणून संथ कॅमेऱ्याच्या वेगाला आतल्या प्रोग्रॅमनेच कुलूप घातलेलं असे. ते कुलूप तिच्या भाच्याने लिहिलं होतं.

भाचा म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. कॉलेज तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, तेव्हा कॉलेजची चार वर्षं तो तिच्याकडेच राहिला. तिचा नवरा त्याआधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं, घरात एक खोली रिकामी होती. तो कपबशी विसळून ठेवायचा नाही, पण घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू उघडून दुरुस्त करायचा, आणि कधीकधी न बिघडलेलीसुद्धा. पुढे तो परीक्षा देऊन कारखान्यात लागला. तिने मालकांच्या कानावर एक शब्द घातला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. कारखान्यात तो तिला चारचौघांत मावशी म्हणायचा. हळूहळू निम्मे इंजिनिअर तिला मावशी म्हणू लागले होते.

एका सोमवारी परदेशातून एक कॅमेरा दुरुस्तीला आला. असा कॅमेरा आत घ्यायला एक कागद लागतो, परत पाठवायला दुसरा. त्यासाठी कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर टिपून घ्यायला ती वरच्या मजल्यावर घड्याळजींकडे गेली. घड्याळजी म्हणजे दुरुस्ती विभागातले सगळ्यांत जुने कारागीर. तरुणपणी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद पडलं तरी हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या टेबलावर तो कॅमेरा दिव्याखाली ठेवलेला होता. पुढच्या काचेला तडा गेला होता.

त्यांनी तिला खुर्ची दिली, कॅमेरा चालू केला आणि त्याच्यासमोर हात हलवून दाखवला. पडद्यावर पिवळा हात हलला, अगदी खऱ्या हाताबरोबर. तिने असे शेकडो संथ कॅमेरे पाहिले होते. त्यांत हात अडखळत हलतो, जुन्या सिनेमातल्यासारखा.

"बाई, हा पळतोय," घड्याळजी म्हणाले. "मी मोजला. तीस आहे."

तिला वाटलं, त्यांनी चुकीचा डबा उघडला असेल. तिने नंबर वाचला आणि हातातल्या कागदाशी ताडून पाहिला. कॅमेरा संथ जातीचाच होता. मग घड्याळजींनी तो उलटा केला. तळाला चार भोकं पाडलेली होती, आत आटे पाडलेले, आणि एका भोकात तुटलेल्या पट्टीचा तुकडा अजून अडकून होता. कारखान्यात अशी भोकं पाडत नसत. हातात धरायच्या कॅमेऱ्याला ती लागतही नाहीत. हा कशावर तरी घट्ट बसवला होता, आणि ते जे काही होतं ते कुठेतरी आदळलं होतं.

घड्याळजींनी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

खाली येऊन तिने फाइल काढली. चौदा महिन्यांपूर्वी असे चाळीस कॅमेरे एका परदेशी विक्रेत्यामार्फत एका डोंगराळ जिल्ह्याच्या अग्निशमन दलाला गेले होते. जंगलातल्या वणव्यांसाठी, असं लिहिलं होतं. संथ कॅमेरे, परवान्याची गरज नाही. खाली तिचा शिक्का, तिची सही. वळणदार, घाई नसलेली सही.

कुलूप कसं निघालं असेल, याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. ते उघडायचा संकेत, म्हणजे पासवर्डसारखी अक्षरांची एक ओळ, कारखान्यात एकाच माणसाकडे होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने भाच्याला जिन्यावर गाठलं. त्याने टाळाटाळ केली नाही. उलट, कुणीतरी विचारल्यावर त्याला जरा हलकंच वाटलं असावं, असं तिला नंतर वाटत राहिलं. त्याने सगळं सांगितलं. कॅमेरे पोचल्यावर दोन महिन्यांनी त्या दलातल्या एका जवानाने तक्रारीच्या पत्त्यावर लिहिलं होतं. सोबत एक चित्रफीत. धुरातून चार माणसं पळतायत, पुढच्याच्या हातात कॅमेरा आहे, आणि पडद्यावरचं चित्र पावलांच्या मागे पडतंय. जमिनीखालून जळणारी एक खाच चित्रात दिसेपर्यंत दुसऱ्या माणसाचा पाय तिच्यात गेलेला होता. जवानाने लिहिलं होतं, की आम्ही वेगवान कॅमेरेच मागितले होते, पण परवान्याला चार महिने लागतील असं विक्रेता म्हणाला, आणि वणव्याचा मोसम दोन महिन्यांवर होता. भाच्याने ती चित्रफीत तीन वेळा पाहिली आणि संकेत पाठवून दिला.

"एक ओळ होती मावशी," तो म्हणाला. "खोकं नाही, काही नाही. एक ओळ."

खोक्यातून गेलं तरच ती निर्यात, असं नसतं, हे तिने त्याला सांगितलं. दर वर्षी सगळ्या इंजिनिअरांना समोर बसवून ती हेच शिकवत असे, आणि तो दर वर्षी शेवटच्या रांगेत बसे. एक संकेत सगळ्या चाळीस कॅमेऱ्यांना चालतो का, असं तिने विचारलं. चालतो, म्हणाला. तेव्हा कंटाळा केला होता, प्रत्येकाला वेगळा द्यायला हवा होता.

मग तिने त्याला तळाच्या चार भोकांबद्दल सांगितलं. ती त्याला माहीत नव्हती. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ हातातल्या डब्याच्या झाकणाची कडी उघडत-मिटत राहिला.

शेवटी त्यानेच एक वाट काढली. काच बदलायची, कुलूप परत घालायचं, कॅमेरा परत पाठवून द्यायचा. घड्याळजी कुणाला सांगणार नाहीत. बाकीचे एकोणचाळीस कुठे आहेत ते देव जाणे, पण ते काही आपण परत आणू शकत नाही. तो हे हळू आवाजात, नीट मुद्द्यामागून मुद्दा असं सांगत होता, आणि त्यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता. ती म्हणाली, बघते.

दोन दिवस तिने पाहिलं. ती काही फार उलटसुलट विचार करणाऱ्यांतली नव्हती. नाकासमोर चालावं आणि संध्याकाळी घरी यावं, एवढंच तिला येत होतं. पण मंगळवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी केली, पुसली आणि परत लावली. बुधवारी संध्याकाळी त्यातलंच एक पुन्हा रिकामं केलं. अडचण तिच्या दृष्टीने छोटी होती. कॅमेरा परत पाठवायच्या कागदावर एक रकाना होता: सेकंदाला चित्रं किती. कुलूप घालून पाठवलं तर नऊ लिहायचं. ते खोटं ठरलं नसतं. पण त्याच्याच वर दुसरा रकाना होता: माल आत आला तेव्हा त्यात काही बदल आढळला काय. तिथे तिला नाही असं लिहावं लागणार होतं. तिने पेन घेऊन दोन-तीनदा कोऱ्या कागदावर तो शब्द लिहून पाहिला. हात अडत नव्हता. पण त्या रकान्यात तो लिहिणं तिला जमणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती मालकांकडे गेली. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने हा कारखाना चार माणसांपासून उभा केला होता आणि आता साठ जण तिथे कामाला होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि तेच सुचवलं जे भाच्याने सुचवलं होतं. तिने नाही म्हटल्यावर तो चिडला नाही, नुसता थकल्यासारखा दिसला. हे एकदा परवाना कार्यालयाला कळलं की आपल्या सगळ्याच मालाकडे संशयाने बघतील, ऑर्डरी तुंबतील, कुणाकुणाला घरी बसवावं लागेल, असं त्याने सांगितलं. तिने मान डोलावली. तिलाही तेच वाटत होतं.

"आणि बाई, तो तुमचाच भाचा आहे," मालक म्हणाला.

"म्हणून तर आधी तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "आपण होऊन सांगितलं तर शिक्षा कमी होते. त्याची आणि आपलीही. त्यांचं त्यांना कळलं, तर मग काही हातात राहत नाही."

मालकाने खिडकीबाहेर बघत एक दिवस मागून घेतला. शुक्रवारी त्याने वकिलाला विचारलं. वकिलानेही तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. मग तो तिला म्हणाला, लिहा पत्र.

पत्र द्यायच्या आधी तिला बहिणीकडे जाणं भाग होतं. दुसऱ्या कुणाकडून कळून चाललं नसतं. थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. भावोजी झोपाळू स्वभावाचे, घरात राज्य बहिणीचं. तिने चहा टाकला, धाकटीचं तोंड बघून गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसली. भाच्याने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, कॅमेरा म्हणजे काय इथपासून.

बहिणीने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे नऊच्या जागी तीस झाले. एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

"त्याने कुणाचं घर जाळलं नाही. विझवायला मदत केली."

"त्याने मदत केली, ताई. ते कॅमेरे कुठे बसवले गेले, ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही."

"मग माहीत नसलेल्या गोष्टीसाठी तू त्याला पुढे करणार. लहानपणी त्याने तुझा रेडिओ फोडला, तेव्हा तू माझ्यापासून लपवलास. आठवतं? हे पोटात घाल."

धाकटी म्हणाली, रेडिओ माझा होता.

बहीण उठली आणि तिने गॅस बंद केला. चहा दोघींपैकी कुणीच घेतला नाही. भावोजी आतून बाहेर आले, दोघींकडे बघून परत आत गेले. ती निघाली तेव्हा बहिणीने दार उघडून धरलं, पण जपून जा असं म्हणाली नाही. असं उभ्या आयुष्यात प्रथमच झालं होतं.

भाच्याला तिने सांगितलं होतं की मी जाणारच आहे, पण तू माझ्याबरोबर आलास तर ते तुझं म्हणणं ठरेल, नाही आलास तर माझं. सोमवारी सकाळी ती पत्राचा मसुदा शेवटचा वाचत बसलेली असताना तो तिच्या टेबलाशी आला, उभ्या-उभ्याच कागद घेतला आणि वाचला. मग पेन मागितला.

"'बदल केला' असं नको," तो म्हणाला. "'कुलूप काढायचा संकेत पाठवला' असं लिही. बदल त्यांनी केला. आणि अठ्ठावीस कॅमेऱ्यांचं लिहिलंयस, चाळीस आहेत. सगळे."

अठ्ठावीस हा आकडा तिने कुठून घेतला होता, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नाही. त्याने दुरुस्त्या केल्या, खाली आपलं वेगळं निवेदन लिहिलं, त्या जवानाची सगळी पत्रं छापून जोडली आणि दोघं निघाली.

परवाना कार्यालय एका सरकारी इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होतं. इतकी वर्षं तिथे अर्ज पाठवत असूनही ती आत तिसऱ्यांदाच येत होती. त्यांना भेटलेल्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. टेबलावर रुमालांची चळत होती आणि बाजूला कुणाचा तरी अर्धवट बांधलेला गठ्ठा. परवानाबाईच्या सहीने आलेले अर्ज त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी तसं म्हटलंही, की तुमच्या अर्जात आम्हाला कधी काही विचारावं लागत नाही. मग त्यांनी पत्र वाचलं, निवेदन वाचलं, जवानाची पत्रं एकेक करून वाचली, आणि भाच्याला विचारलं, की दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर संकेत दिला असता का.

तो म्हणाला, नसता.

"या जवानाने जळालेला पाय दाखवला म्हणून दिला?"

"हो."

अधिकारी बाईंनी नाक पुसलं. "पाय खरा असेल," त्या म्हणाल्या. "मला काही तो खोटा वाटत नाही. पण आमचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. त्याच्या हातातून तो कॅमेरा कोण काढून घेऊ शकतं, हा. ते तुम्हाला इथे बसून कळत नाही. मलाही कळत नाही. म्हणून चार महिने लागतात."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांनी पोच दिली, तारीख घातली, आणि तो कॅमेरा कुणीही हात न लावता सीलबंद करून पाठवा असं सांगितलं. खाली रस्त्यावर आल्यावर भाचा म्हणाला, भूक लागलीय. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांनी जेवून घेतलं. त्याने भाजी दोनदा मागवली.

चौकशी सात महिने चालली. त्या काळात कारखान्यातून संथ कॅमेराही परवान्याशिवाय पाठवायला बंदी आली. म्हणजे आधी जे काम तिच्या एका शिक्क्यावर भागायचं, त्यासाठी आता प्रत्येक खोक्यामागे अर्ज. तिचं टेबल पुरेना. ऑर्डरी खरोखरच तुंबल्या. पॅकिंगमधल्या पाच जणांना आणि जोडणीतल्या तिघांना मालकाने घरी बसवलं. सुट्टीवर जाताना परवाना लागेल का असं विचारायला आता कुणी थांबत नव्हतं. कुणी उलट बोललं नाही, कुणी तोंडावर दोष दिला नाही, पण जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी आली की बोलणं दुसऱ्याच विषयावर जाई. आठांपैकी एका बाईच्या जागेवर तिची पाण्याची बाटली बरेच दिवस तशीच होती. घड्याळजी तेवढे रोज डबा घेऊन तिच्या खोलीत येऊ लागले. ते जेवताना बोलत नसत आणि तिलाही त्यांचं बोलणं नकोच होतं. एकदाच ते म्हणाले, की मी तो कॅमेरा तुम्हाला दाखवला नसता तर? तिने विचारलं, मग दाखवलात का? घड्याळजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, नंबर टिपायला तुम्हीच वर आलात.

निकाल आला तो अपेक्षेपेक्षा सौम्य होता. आपण होऊन सांगितल्यामुळे खटला भरला गेला नाही. कारखान्याला दंड झाला आणि ताकीद मिळाली. भाच्यालाही दंड झाला, आणि पाच वर्षं अशा मालाच्या कामावर राहायला मनाई. संथ आणि वेगवान यंत्रं यापुढे वेगवेगळी बनवावीत, कुलपावर भिस्त ठेवू नये, असंही लिहून आलं होतं. ते कागद वाचताना मालकाच्या तोंडून निघून गेलं, की हे आधीच करायला हवं होतं. परवानाबाईला त्याने कामावरून काढलं नाही. काढता येण्यासारखी स्थितीही नव्हती, कारण आता एका जबाबदार माणसाचं नाव परवाना कार्यालयाला कळवणं सक्तीचं होतं आणि ते नाव तिचंच होतं. आठांपैकी सहा जण वर्षभरात परत आले. ती बाटलीवाली बाई आली नाही. तिला दुसरीकडे बरं काम मिळालं होतं.

भाचा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोल्यांत त्याचा दिवस जाऊ लागला. काम त्याला आवडलं. लिफ्ट कुठेही निर्यात होत नाही, असं त्याने एकदा मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, होते, पण परवाना लागत नाही.

बहीण दहा महिने बोलली नाही. अकराव्या महिन्यात भावोजींचा फोन आला, की हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, दवाखान्यात हिच्यापाशी कुणीतरी बाई माणूस हवं, आणि ही तुझंच नाव घेते आहे. ते बहिणीने घेतलं होतं की भावोजींनी आपल्याच पदरचं घातलं होतं, ते तिने विचारलं नाही. ती चार दिवस दवाखान्यात राहिली. पहिले दोन दिवस बहीण उशी, पाणी आणि खिडकी याखेरीज काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालून घेताना म्हणाली, की तो हल्ली जेवतो नीट. धाकटी म्हणाली, हो, मला दिसलं. तो विषय तेवढ्यावर थांबला. पुढेही कधी निघाला नाही, पण दर रविवारी फोन मात्र येऊ लागला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भाचा एका दुपारी तिच्या घरी आला. त्याला त्या जवानाचं पत्र आलं होतं. कुठून तरी त्याने भाच्याचा खाजगी पत्ता मिळवला होता. पत्र लांबलचक होतं, दुसऱ्याच कुणी भाषांतर करून दिल्यासारखं. त्याच्याकडेही चौकशी झाली होती आणि त्याची बदली एका गोदामावर झाली होती. चाळीसपैकी सव्वीस कॅमेरे त्याच वर्षी सैन्याचे लोक येऊन घेऊन गेले होते. रीतसर पावती देऊन. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. चौदा दलाकडे राहिले होते. त्या मोसमात त्या चौदांच्या मदतीने एका वस्तीतली अकरा माणसं धुरातून बाहेर काढली, असं त्याने लिहिलं होतं. त्यातल्या दोघांची नावंही दिली होती, एक म्हातारी आणि तिची नात. सव्वीस कुठे गेले आणि त्यांनी काय केलं, याबद्दल त्याने लिहिलं नव्हतं. त्यालाही ते माहीत नसावं.

परवानाबाईने पत्र दोनदा वाचलं. तिला काय वाटलं, ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं. इतके दिवस तिने मनाशी धरलं होतं, की एक तर तो जवान खरा असेल किंवा खोटा. दोन्हींची तिने तयारी ठेवली होती. तो खरा असेल आणि तरीही हे असंच होईल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. अधिकारी बाईंच्या मात्र आलं होतं.

"हे त्यांना द्यायला हवं," ती म्हणाली.

"काल दिलं," भाचा म्हणाला. "त्यांनी प्रत ठेवून घेतली."

मग त्याने विचारलं, की अकरा आणि सव्वीस यांचा हिशेब कसा लावायचा. तिने सांगितलं, मला येत नाही. तुला यायला लागला तर मला सांग. तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा सैल झाले.

तो खरा आला होता वेगळ्याच कामासाठी. त्याला त्या माणसाला उत्तर लिहायचं होतं आणि ते लिहायला मनाई आहे का, ते त्याला माहीत नव्हतं. तिने नियमांची प्रत काढली, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचलं. साध्या पत्राला मनाई नाही, म्हणाली. कॅमेऱ्याविषयी अवाक्षर नको.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहू लागला. ती भांडी लावत राहिली. तासाभराने त्याने कागद तिच्या हातात दिला. पत्र चांगलं होतं. लिफ्टबद्दल होतं, आईच्या गुडघ्याबद्दल होतं, त्या म्हातारीची आणि नातीची चौकशी होती. शेवटून दुसऱ्या ओळीत त्याने लिहिलं होतं, की थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवत जा.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही पण?" तो म्हणाला.

"ही पण."

त्याने ती ओळ खोडली, कागद नव्याने लिहून काढला, आणि तिने दिलेल्या पाकिटावर सावकाश, सुवाच्य अक्षरात त्या गोदामाचा पत्ता घातला.